लेकीच्या नावाचं युजरनेम

नवऱ्याच्या नोकरीपायी लखनौला आलो, निशातगंजात बिऱ्हाड थाटलं आणि गॅससाठी ऑनलाइन खातं काढायची वेळ आली. माझ्या नावाचं युजरनेम आधीच कुणीतरी पळवलं होतं. कॉलेजातली लेक म्हणाली, "मम्मी, मेरे नाम से बना देते हैं ना." तिनं स्वतःच्या नावापुढे 'ची आई' जोडलं. मला मेसेज सापडत नाहीत म्हणून फोन नंबरही स्वतःचाच टाकला.

गेल्या दिवाळीत आमचं कडाक्याचं भांडण झालं. 'मला मुलगीच नाही असं समजेन,' असं मी तणतणत बोलून गेले. ती पुण्याला निघून गेली, तेव्हापासून अबोला आहे.

आता गॅसचा नंबर लावायचा तर आधी तिचंच नाव टाइप करावं लागतं. हे युजरनेम मेलं बदलताही येत नाही. पासवर्ड विसरला की ओटीपी तिच्या फोनवर जातो. मिनिटभरात तिच्याकडून सहा आकडे येतात. नुसते आकडे, सोबत एक शब्द नाही.

घरात दोन्ही सिलिंडर भरलेले आहेत. पासवर्डही मला तोंडपाठ आहे. तरी आज सकाळी मी पुन्हा 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं.