एक्कावन्न तास

"तुमच्या लोकांना काही होत नसतं. घाणीतच वाढलेली हाडं तुमची. जा, साबणाने हात धू आणि बाथरूम आवर."

हे मला मोठ्या सिस्टर म्हणाल्या. सोमवार होता, सकाळचे नऊ. माझ्या मधल्या बोटातून रक्त येत होतं आणि मी ते त्यांच्यापुढे धरलं होतं, लहान पोर आईपुढे धरतं तसं. त्यांनी बोटाकडे बघितलंच नाही. फरशीवर थेंब पडला, त्याच्याकडे बघितलं.

तो थेंबही मीच पुसला.

जळगावातलं मोठं खाजगी हॉस्पिटल. सतरा वर्षं मी तिथे सफाईला. ठेकेदाराकडून लागलेली. माहेर बोदवडकडचं, अर्धा जन्म कापूस वेचण्यात गेला, मग इथे आले. आता तुम्ही म्हणाल, सुई टोचली कशी? तर ऐका. सुई मशीनमध्ये तोडायची आणि पांढऱ्या डब्यात टाकायची, असा नियम. पण डबा भरला की सिस्टर लोक घाईत लाल पिशवीतच टाकतात. आणि आमची रीत अशी की पिशवी भरली तरी दुसरी काढायची नाही. वरून हाताने दाबायची. दाबायची आणि आणखी भरायची. जास्त पिशव्या लागल्या की सुपरवायझर ओरडतो. मी दाबली. आतून सुई आली.

हातात मोजे होते. पण कुठले? ऑपरेशनवाल्यांचे वापरून झालेले. ते आम्हीच धुवायचो, पावडर लावायचो, गच्चीत तारेवर वाळवायचो आणि आम्हीच घालायचो. पाचातली दोन बोटं फाटकी असायचीच. नव्या मोज्यांचा खोका डॉक्टरांच्या टेबलावर असतो. ते ओढून काढताना कसा करकर आवाज येतो! सतरा वर्षं मी तो आवाज ऐकला. खोटं कशाला बोलू, प्रत्येक वेळी पोटात दुखलं.

बोट टोचलं तसं मी ते तोंडात घातलं. कापूस वेचताना बोंडाचं टोक लागलं की बाई तेच करते. हात आपोआप जातो. माझ्यासोबतची धुळ्याकडची बाई ओरडली, "तोंडमा बोट कसाले घालं वं अक्का! थुक पहिले!"

मी थुंकले. मग सिस्टरांकडे गेले. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

सोमवार गेला. मंगळवार गेला. घरी कोणाला बोलले नाही. बोटाला हळद लावली. माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवला. नात मांडीवर येऊन पापा मागायला लागली, तिला म्हटलं, "सरक तिकडे, आजीला सर्दी झाली." सर्दी नव्हती. सुई कोणाची होती, त्या माणसाला काय होतं, कोणालाच माहीत नव्हतं. ते एवढंसं पोर तोंड पाडून भिंतीकडे जाऊन बसलं.

बुधवार. दुपारचे बारा. आमच्याकडे एक नवी डॉक्टर आली होती, माझ्या धाकट्या पोरीच्या वयाची. टाके घालताना तिला सुई टोचली. ती ओरडली.

आणि बघा, अख्खं हॉस्पिटल पळालं. त्याच मोठ्या सिस्टर पळाल्या. "बसा मॅडम, बसा! घाबरू नका! अरे, कोणीतरी पाणी आणा!" तिचा हात नळाखाली धरला. पेशंटचं रक्त तपासायला धाडलं. मोठे सर स्वतः खाली आले. धुळ्याहून तिच्या वडिलांचा फोन आला, तिने तो मोठ्याने लावला, सगळ्यांना ऐकू आलं, "बेटा, गोळी घेतली का? मी निघालोच." ती रडत होती. सिस्टर तिची पाठ चोळत होत्या.

गडबडीत पाणी सांडलं. "मावशी, पुसा!" मी गुडघ्यावर बसून पुसत होते. समोर तिचे पाय. माझ्या मनात काय आलं सांगू? दया नाही आली. लाज वाटते, पण नाही आली. मला हेवा वाटला. त्या नळाच्या पाण्याचा. पाठीवरच्या हाताचा. धुळ्याहून निघालेल्या गाडीचा. सगळ्यात जास्त तिच्या रडण्याचा. तिला रडायला मिळालं. मला सुई टोचली तेव्हा रडायलासुद्धा जागा नव्हती. ती सव्वीस वर्षांची आणि मी साठीला टेकलेली, आणि मला वाटलं, सुई हिलाच मानाने का टोचली!

तासाभरात तिच्या पेशंटचा रिपोर्ट आला. काही नाही, सगळं ठीक. सगळे हसले. चहा आला.

चहाचे कप उचलायला मला डॉक्टरांच्या आरामखोलीत पाठवलं. ती खोली मी रोज पुसते, पण पुसणाऱ्या बाईची नजर फरशीला. त्या दिवशी पहिल्यांदा मान वर गेली. भिंतीवर मोठा कागद होता. मराठीत. मी शाळा पाहिली नाही, पण वॉर्डातल्या पाट्यांवरून अक्षरं शिकले, हळूहळू वाचते. "सुई टोचल्यास." खाली लिहिलेलं, बोट तोंडात घालू नका. एचआयव्ही होऊ नये म्हणून औषध दोन तासांत, जास्तीत जास्त बहात्तर तासांत सुरू करा. आणि कोणासाठी? "डॉक्टर, नर्स, सफाई कर्मचारी."

सफाई कर्मचारी. तीनदा वाचलं. बोट ठेवून वाचलं.

म्हणजे ते सगळं तिच्या एकटीचं नव्हतंच. ते माझंही होतं. मी हेवा कशाचा करत बसले? माझ्याच हक्काचा!

बोटांवर तास मोजले. सोमवार नऊ ते बुधवार बारा, एक्कावन्न. आणि वर हा चहाचा एक तास.

कप तिथेच ठेवले. खाली येऊन इमर्जन्सीत गेले आणि पेशंटच्या खुर्चीवर बसले. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "उठ तिथून. कप कुठायत?"

मी म्हटलं, "मी पेशंट आहे. सोमवारी सुई टोचली. लिहून घ्या आणि औषध द्या."

"तू ठेकेदाराची. त्याला विचार."

ठेकेदाराच्या सुपरवायझरला फोन लावला. तो म्हणाला, "हात बघून चालवत जा ना मावशी. आता काय सुईशी भांडू मी?" आणि हसला.

मी उठले नाही. माझ्यासोबतची ती धुळ्याकडची बाई आली, तिने भरलेली लाल पिशवी माझ्या पायाशी ठेवली आणि जमिनीवर बसली. "अक्काले औषध भेटस तवलोक मी बी उठनार नही." मग तिसरी आली. मग सगळ्या. दोन वाजले, तीन वाजले. पिशव्या दारापर्यंत गेल्या. वास सुटला. पेशंटचे नातेवाईक नाकाला रुमाल लावून विचारायला लागले, हे काय चाललंय?

ती डॉक्टर पोरगी आली. डोळे अजून सुजलेले. म्हणाली, "मावशी, तेव्हाच सांगायचं ना!"

मी म्हटलं, "तेव्हाच सांगितलं होतं. विचारा सिस्टरना."



साडेचारला माझं रक्त घेतलं. पावणेपाचला गोळी मिळाली. त्या पोरीनेच फॉर्म भरला. भरताना विचारलं, "काविळीची लस घेतलीय ना?"

"कोणती लस?"

तिने पेन थांबवलं. डॉक्टरांना कामाला लागतानाच देतात, नर्सना देतात. तीन डोस. तिच्या दंडात होते, सिस्टरांच्या दंडात होते. पिशव्या उचलणाऱ्या एकीच्याही दंडात नव्हता. सतरा वर्षांत कोणी विचारलंच नव्हतं.

अठ्ठावीस दिवस गोळ्या घेतल्या. मळमळ, चक्कर, आणि खाडा एकही नाही, कारण रजा आम्हाला नसते. पुढचे महिने दर तपासणीला जीव मुठीत. सहा महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट चांगला आला. लोक म्हणाले, देवाची कृपा, आता विसर. नाही विसरत. कागद भिंतीवर होता, औषध कपाटात होतं, आणि मला साबण सांगितला.

हेवा वाईट, असं आई सांगायची. असेल. मी माझा सोडणार नाही. आजही खोक्यातले नवे मोजे बघितले की जळते, आणि जळले की मागते. माझ्या वॉर्डात आता नवी बाई कामाला आली की पहिला डोस दंडात गेल्याशिवाय ती पिशवीला हात लावत नाही. पिशवी कोणी दाबत नाही. धुतलेले मोजे मी परत देते. सुपरवायझर म्हणतो, "मावशी, तुझ्यामुळे काम अडतं."

अडू दे. अडलं तरच त्यांना दिसतं.

अजून तीन वॉर्ड बाकी आहेत.