चार ओळींची दुरुस्ती

हे सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. सुरुवातीला नोकरी होती, हे कारण होतं. निवृत्त होऊन लातूरला लेकीकडे राहायला आलो, तेव्हा तेही उरलं नाही. तरी टाळलं. आता सत्तरी ओलांडली आहे, म्हणून लिहून टाकतो.

मी आयुष्यभर पेपरात उद्योग-व्यापाराचं पान सांभाळलं. सुरुवात लातूरच्या अडतीत झाली. सकाळी सौद्याला उभं राहायचं, तूर, हरभरा, सोयाबीनचे भाव वहीत उतरवायचे आणि दुपारी छापायला द्यायचे. भाव चुकला की दुसऱ्या दिवशी अडत्ये भर रस्त्यात अडवायचे, त्यामुळे तपासल्याशिवाय लिहायचं नाही ही सवय लागली. पुढे नांदेडच्या एका दैनिकात गेलो, तेव्हा माझी ओळख तीच होती.

भोकरकडच्या एका गावाजवळ एक कंपनी मळीपासून इथेनॉल बनवायची. कारखाना लहान होता, तो कितीतरी पट वाढवायचा होता. त्यासाठी कायद्याने जनसुनावणी घ्यावी लागते. सरकारी अधिकाऱ्यासमोर गावकऱ्यांना बोलू द्यायचं, त्यांचे आक्षेप इतिवृत्तात नोंदवायचे आणि मगच परवानगीचा विचार करायचा, असा नियम आहे.

मी इथेनॉलच्या बाजूचा होतो. पेट्रोलमध्ये ते मिसळलं की तेलाची आयात घटेल, धूर कमी होईल, उसाला गिऱ्हाईक मिळेल, असं मी वर्षानुवर्षं लिहीत आलो होतो. हवामानबदलाचं धोरण दिल्लीच्या कागदावरून आपल्या जिल्ह्यात उतरतंय, याचं मला खरंच अप्रूप होतं. कंपनीकडून मी कधी काही घेतलं नाही. घेतलं असतं तर आज हे सांगणं सोपं गेलं असतं.

आमची डाक आवृत्ती, म्हणजे तालुक्यांना जाणारा अंक, लवकर छापला जायचा. पाचला पान बंद. त्यामुळे आम्ही जुनी माणसं कार्यक्रमाची बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवायचो. उद्घाटन असो की सभा, काय होणार ते ठाऊकच असायचं. गर्दीचा अंदाज तेवढा मोकळा सोडायचा. त्या सुनावणीचीही बातमी मी अशीच लिहून ठेवली होती. मथळा होता, ‘प्रकल्प विस्ताराला ग्रामस्थांचा एकमुखी पाठिंबा’. ‘काही वेगळं झालं तर फोन करतो,’ असं डेस्कला सांगून मी निघालो.

सुनावणी अकराची होती. सुनावणी घेणारे सरकारी साहेब आले तीनला. तोवर मंडपामागे कढया चढल्या होत्या आणि पुऱ्यांचा वास सुटला होता. माझ्या मागच्या खुर्चीवरचे एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, “इरोध करायचा तर जेवल्यावर कर गड्या. उपाशीपोटी कोणी ऐकत नसतंय.”

“जेवल्यावर कोण करतंय इरोध?” शेजारी म्हणाला, आणि अख्खी रांग हसली. मीही हसलो.

भाषणं सुरू झाली. रोजगार, रस्ता, शाळेला संगणक. साडेचार वाजून गेल्यावर मागे सतरंजीवर बसलेल्या बायकांतून एक बाई उठल्या. गावातल्या अंगणवाडीच्या सेविका होत्या. हातात पोषण आहाराचं जुनं रजिस्टर होतं. माइकवर आल्यावर “जयभीम” म्हणाल्या आणि थेट वाचायला लागल्या.

त्यांच्या वस्तीची विहीर कारखान्याच्या नाल्यापासून जवळ होती. दर सोमवारी त्या विहिरीत दोर सोडत. दोराला हातहाताच्या अंतरावर गाठी मारलेल्या होत्या. किती गाठी भिजल्या, पाण्याचा रंग कसा होता, वास होता का, कारखाना त्या आठवड्यात चालू होता की बंद, असं सगळं त्यांनी रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर दोन वर्षं लिहिलं होतं. कारखाना चालू असला की रंग चहासारखा, बंद असला की निवळ. मी ऐकतच राहिलो. अडतीत मी जशी वही ठेवायचो, तशीच ती होती.

कंपनीचा माणूस माइकजवळ सरकला. “ताई, मुद्द्याचं बोला.”

“हाच मुद्दा हाय, दादा. पाणी आमी पिऊन राहिलो, तुमी न्हाई.”

त्याने हसत हसत माइक काढून पुढच्याच्या हातात दिला. बाई थांबल्या नाहीत, नुसत्या आवाजात वाचत राहिल्या. मागे जनरेटरचा आवाज होता. व्यासपीठावर कोणी लिहीत नव्हतं. मी मात्र पहिल्या रांगेत होतो आणि मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

तेवढ्यात फोन आला. डेस्कवरचा उपसंपादक होता. “सर, पान सोडू का? पाचला दहा कमी आहेत.”

बाई वाचत होत्या. ‘थांब’ म्हणायला एक क्षण पुरला असता. दोन वाक्यं सांगायला एक मिनिट. माझ्या मनात काय आलं तेही खरं सांगतो. एवढं मोठं, देशाच्या भल्याचं काम, ते एका विहिरीपायी अडायला नको. उद्याच्या शहर आवृत्तीत बघू.

“सोड,” मी म्हणालो.

शहर आवृत्तीतही बघितलं नाही. तीच बातमी माझ्या नावाने सगळीकडे छापून आली.

काही आठवड्यांनी परवानगी मिळाल्याचं जाहीर झालं. पुढे एका दुपारी त्या बाई नांदेडच्या ऑफिसात आल्या. रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं होतं. त्यांनी सरकारकडे तक्रार केली होती. उत्तर आलं होतं की इतिवृत्तात असा कोणताही आक्षेप नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातूनही तेच दिसतं. सोबत माझ्या बातमीचं कात्रण जोडलं होतं.

“गावातले म्हणून राहिले, पेपरात तर न्हाई आलं, सपनात बोलली का गं?” त्या म्हणाल्या. मग खुर्चीच्या कडेवर बसून थेट विचारलं, “साहेब, तुमी पुढंच बसलेले होते. म्या बोलले का न्हाई?”

“बोललात.”

“मग तेवढंच छापा. खरं बोलले असं नका लिहू. निस्तं बोलले, एवढंच लिहा. वकील म्हणले, दाद मागायची मुदत हाय अजून, पण बोलल्याचा कागद पायजे.”

मी “छापतो” म्हणालो. त्याच संध्याकाळी चार ओळींची दुरुस्ती लिहिली आणि संपादकांकडे नेली. त्यांनी वाचली, चष्मा काढला.

“बातमी आधी लिहिली होती, हे कबूल करावं लागेल.”

“हो.”

“बाकीच्या किती आधी लिहिल्या होत्या, असं लोक विचारतील. तुमचंच नाव खराब होईल. छापायची तर माझी ना नाही. तुम्ही ठरवा.”

त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवला. मी तो घडी करून खिशात ठेवला. एक दिवस विचार करू, म्हटलं.

बाई भोकरच्या स्टँडवर रोज पेपर बघायच्या. दोन-तीन दिवसांनी फोन यायचा. “साहेब, आज न्हाई आलं.” मी सांगायचो, जाहिराती जास्त होत्या. पुढच्या वेळी सांगितलं, संपादक बाहेरगावी आहेत. ते शेजारच्या खोलीत बसलेले होते. शेवटच्या फोनवर त्या म्हणाल्या, “परवा मुदत सरते.” मी म्हणालो, “उद्या नक्की.” त्या उद्याला मी मोबाइल बंद ठेवला आणि दिवसभर कपाशीच्या बाजारावर लेख लिहीत बसलो. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. कारखाना वाढला.

मागच्या महिन्यात जावयाने कुठून तरी त्या कंपनीचा गुळगुळीत कागदावरचा पर्यावरण अहवाल आणला. “बाबा, तुमचं नाव आहे यात,” तो कौतुकाने म्हणाला. एका पानावर हिरव्या चौकटीत माझं कात्रण होतं. वर लिहिलं होतं, ‘लोकांचा विश्वास’. मी अहवाल मिटून ठेवला.

दुसऱ्याच सोमवारी एसटी धरली. नांदेडला गाडी बदलली, भोकरला उतरलो, पुढे ऑटो. खिशात दुरुस्तीचा तो जुना कागद होता. काय बोलायचं ते वाटेत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.

बाई विहिरीवरच होत्या. केस पांढरे झाले होते. मला बघून त्या दचकल्या नाहीत, की चिडल्या नाहीत. “या साहेब,” म्हणाल्या. “बरे आले. हे टोक धरा.”

मी दोर धरला. त्यांनी दुसरं टोक खाली सोडलं, वर ओढलं, भिजलेल्या गाठी बोटांनी मोजल्या. दोर तपकिरी झाला होता आणि हाताला आंबूस वास लागला.

“चष्मा घरी राहिला,” रजिस्टर पुढे करत त्या म्हणाल्या. “तुमीच लिहा. गाठी सात. रंग चहावानी. वास हाय. कारखाना चालू.”

मी लिहिलं. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेऊन तपासलं आणि वही मिटली.

“हे पाणी पीत न्हाई आता कोणी. जार आणून राहिलो. पण लिहिते,” त्या म्हणाल्या. मग घरात नेऊन जारमधलं पाणी दिलं, चहा केला. मी कपाकडे बघत बसलो. दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हणालो, चहा चांगला झालाय. दुसऱ्यांदा, उन्हाचा ताप फार आहे.

निघताना त्यांनी विचारलं, “काही काम होतं का साहेब?”

“नाही. सहज आलो होतो.”

त्यांनी कप उचलले. “बरं,” म्हणाल्या.

एसटीत बसल्यावर मी कागद काढला. शेवटी छापील रिवाजाप्रमाणे ‘आम्ही दिलगीर आहोत’ असं होतं. ते खोडून हाताने दुसरं लिहिलं. तोवर गाडीने भोकर सोडलं होतं. तो कागद असा आहे:

‘इथेनॉल प्रकल्पाच्या जनसुनावणीत ग्रामस्थांनी एकमुखी पाठिंबा दिला, असे या पानावर छापले होते. ते खरे नाही. गावातील अंगणवाडी सेविका उभ्या राहून विहिरीच्या पाण्याविषयी बोलल्या आणि त्यांनी दोन वर्षांची नोंद वाचून दाखवली. मी समोर बसून ती ऐकली. बाई, मला माफ करा.’