शेंदराची खोळ उतरली तेव्हा

आमचे हे, मधुकरराव, अडतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. आमटी छान झालीय म्हटलं तरी विचारणार, "पुरावा काय?" देवापुढे हात जोडत नाहीत, पण देवळातल्या दगडांना मात्र तासन् तास न्याहाळतात. जुईनगरच्या आमच्या दोन खोल्यांत कागद इतके, की पाहुण्याला बसवायचं कुठे!

गेल्या चैत्रात करावे गावच्या बायजाबाई आल्या. गेली वीस वर्षं माझ्याकडे मासळी त्याच आणतात. त्यांच्या घरामागे देवीची छोटीशी देवळी आहे, तिची पूजाही त्याच करतात. म्हणाल्या, "सर, आमच्या देवीनं शेंदराची खोल टाकली. खाली अक्षरं हायेत. जत्रेच्या पुस्तकात काय लिवायचं ते तुमीच सांगा."

झालं! भिंग घेऊन स्वारी निघाली, मागून मी. वर्षानुवर्षांचा शेंदराचा जाड थर आपोआप गळून पडला होता. यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि भिंग खिशात टाकलं. रिक्षात म्हणाले, "वैजू, ती देवी नाही. मिठागराच्या हद्दीचा दगड आहे."

"मग नका लिहू."

"खोटं लिहू?"

"अहो, ती बाई पन्नास वर्षं तिथे दिवा लावतेय!"

आठवडाभर यांना अन्न गोड लागलं नाही. खोटं छापवत नव्हतं आणि बाईला दुखवणंही जिवावर आलं होतं. मला राग येत होता, कीवही येत होती. शेवटी आम्ही गेलो आणि यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं.

बायजाबाई कोळंबी सोलत होत्या. "मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "माज्या सासऱ्यानंच आनला तो. जनम मिठागरात गेला त्याचा. मिठागर बंद झालं, तवा दगड खांद्यावर घेऊन आला. म्हनला, या जागेनं आपल्याला पोसलं, तिला उगड्यावर नाय टाकायची. पयला शेंदूर त्यानंच लावला."

यांनी घाईघाईनं वही काढली. "बाई, हेच छापू! नाव काय त्यांचं?"

बाईंनी जीभ चावली. "सासऱ्याचं नाव मी कसं घेऊ, सर?"

नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. ते नाव माहीत असलेलं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"तुम्ही सांगितलं नाहीत, तर मला नुसतं 'एक मजूर' लिहावं लागेल," हे म्हणाले.

बाई उठल्या. हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि आमच्याकडे पाठ करून देवळीपुढे उभ्या राहिल्या. मग दगडाच्या अगदी जवळ वाकून म्हणाल्या, "माफ करा, मामा." आणि जरा मोठ्यानं, "जोमा."

यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पेन काही चालेना. मग वही मीच ओढून घेतली आणि नाव लिहिलं.