विसाव्याची शिळा

खराडीच्या ऑफिसने मला तीन आठवड्यांसाठी इंग्लंडला, लंडनला पाठवलं. आई सोबत येईल असं वाटलं नव्हतं. बाबा गेल्यापासून ती हडपसरच्या बाहेर फारशी पडत नसे. या वेळी तिने स्वतःहून बॅग भरली.

पहिल्या शनिवारी आम्ही बसने एका खेड्यात गेलो. चर्चच्या आवाराला करड्या दगडांची भिंत होती, मधेमधे पोट सुटलेली. एक वयस्कर गृहस्थ निखळलेले दगड चुन्यात बसवत होते. आतली जमीन रस्त्यापेक्षा कंबरभर उंच होती.

"शेकडो वर्षं माणसं पुरली आहेत," ते म्हणाले. "भिंतीला आतून रेटतात. बाहेर यायची घाई."

मी आईला मराठीत सांगितलं.

"आपल्याकडे कोरोनात आत जायलाच रांग होती," ती म्हणाली.

फाटकाला दगडी कमान होती, वर उतरतं छप्पर, आणि मधोमध माणसाच्या लांबीची शिळा. अशा फाटकाला लिचगेट म्हणतात. लिच म्हणजे प्रेत. पाद्री येईपर्यंत शवपेटी या शिळेवर ठेवत, असं त्या गृहस्थांनी सांगितलं. ते मराठीत सांगताना मी अडखळले.

"अगं, विसावा," आई म्हणाली.

मला या शब्दाचा अर्थ विश्रांती एवढाच माहीत होता. स्मशानाच्या वाटेवर तिरडी क्षणभर खाली टेकवतात, त्या जागेलाही विसावा म्हणतात, हे आईने सांगितलं. तो बाबांना मिळाला नव्हता. कोरोनात त्यांची गाडी हॉस्पिटलमधून थेट स्मशानात गेली. आम्ही दोघी घरात क्वारंटाइन होतो. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

"त्यांना विचार, ह्यांना इथे थोडं टेकवू का?"

अनोळखी माणसाकडे काही मागणं मला जमत नाही. त्यातून हे.

"आई, उगाच कशाला?"

"राहू दे मग." ती वळली.

इंग्रजी माध्यमात शिकूनही वाक्य जुळेना. शेवटी विचारलं, "माझे वडील इथे थोडा वेळ थांबले तर चालेल का?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. मग आईकडे पाहिलं. थापी खाली ठेवून त्यांनी टोपी काढली.

"हवा तेवढा वेळ."

आईने शिळेवर दोन्ही हात ठेवले. मीही ठेवले. दगड गार होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "चला."

मला ती 'चल' म्हणते.

परतीच्या विमानात मोबाईलमधले फोटो पाहिले. त्या फाटकाचा एकही नव्हता. त्याचं वाईट वाटलं नाही.

हडपसरला पोहोचलो तशा शेजारच्या काकू आल्या. आईने त्यांना लंडनचं काही सांगितलं नाही, शिळेचं सगळं सांगितलं. काकूंना त्यात काहीच नवल वाटलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "खांद्याला कोण होतं?"

"ही होती," आई म्हणाली.