तितं काय न्हाई

आंदर मावळात अभयारण्याच्या चौकीवर एक वनमजूर बसतो. मी दर रविवारी तुंगार्लीहून तिथं फिरायला जातो आणि विचारतो, "भाऊ, आज काय दिसेल?" तो जंगलाकडे पाठ करून, तंबाखू मळत सांगतो, "तितं काय न्हाई." पुण्याच्या गाड्या तेवढ्यावरच माघारी फिरतात.

अभयारण्याच्या वर्धापनदिनी जंगलफेरी ठरली. वाटेवर लाल बाणांच्या पाट्या मीच हौसेनं आदल्या संध्याकाळी रंगवून लावल्या. चौकीमागच्या आंब्यावर शेकरूचं घरटं आहे, म्हणून फेरी मुद्दाम त्याच्याखालून नेली होती.

सकाळी ढोल-ताशासकट फेरी निघाली ती थेट डांबरी रस्त्यानं, आणि गावाला वळसा घालून पुन्हा मांडवात आली. पाट्या कुणीतरी फिरवल्या होत्या. तक्रार कुणाचीच नव्हती, कारण टोप्या मिळाल्या होत्या आणि फोटोही निघाले होते. निसर्गाच्या इतकं जवळ आपण प्रथमच आलो, असं पाहुणे भाषणात म्हणाले.

मी चौकीवर गेलो. तंबाखू मळणाऱ्या त्याच्या बोटांना माझा लाल रंग लागलेला होता.

"भाऊ, शेकरूला पिल्लं झालीत का?"

"तितं काय न्हाई."

तेवढ्यात मागच्या आंब्यावर शेकरू खणखणीत ओरडलं. तो माझ्याकडे बघत मोठ्यानं खोकला, शेकरू गप्प होईपर्यंत.