कमरेच्या छल्ल्यातली चावी

नातू रोज सकाळी मोटरसायकलची चावी शोधत घर डोक्यावर घेतो. काल ती गादीखाली सापडली, तेव्हा माझा हात उगाच कमरेकडे गेला आणि पन्नास वर्षांपूर्वीचं एरंडोलजवळचं सासर आठवलं.

गावात फटफटी एकच, आमची. माझ्या सासऱ्यांना, नानांना, कुणाला नाही म्हणता येत नसे. मागणारा गाडी न्यायचा आणि टाकी कोरडी करून आणायचा. शेवटी नानांनी चावी माझ्या कमरेच्या चांदीच्या छल्ल्यात अडकवली. दुसऱ्याच्या सुनेपुढे जाऊन मागणार कोण?

लग्नसराईत भावकीतले आबा आले. पोराच्या वरातीला फटफटी हवी होती. नाना शांतपणे म्हणाले, "चावी सूनबाईजोडे शे. तिले इचारा."

आबा खरंच स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन खाकरले. तव्यावरची कळण्याची भाकर करपली, तरी मला उलटायचं सुचेना. पदराआडून कशीबशी म्हणाले, "दवाखानानी येळले गाडी लागस, आबा. वरातले नही."

आबा पाय आपटत गेले. आता नानांची बोलणी खावी लागणार, असं वाटलं. दुपारी नानाच दाराशी आले आणि आबांसारखेच खाकरले. "सूनबाई, चावी दे व. एरंडोलले जानं शे."

"काय काम शे, नाना?" तोंडून निघून गेलं आणि मी जीभ चावली.

"बियानं आननं शे," उंबऱ्याबाहेर उभे राहून गाडीचे मालक म्हणाले. मी छल्ल्यातून चावी काढून दिली. ती घेऊन दोन पावलं गेले आणि वळून म्हणाले, "दिन मावळाना आगोदर आनी देसू."