चिठ्ठी उचलणारं फंक्शन

तमाम मच्छीमार बंधूंना, भगिनींना आणि जेट्टीवरच्या समस्त मांजरांना कळवण्यात येते की, आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट — बायकोलासुद्धा नाही — मी आता सांगणार आहे. बसून घ्या.

हसताय? हसा. लोकांना असंच हसवत आलोय मी, आणि त्याचाच आता संताप येतो.

रेवदंड्याजवळच्या आमच्या कोळीवाड्यात डोल लावणाऱ्या नऊ होड्या. डोल म्हणजे खाडीच्या तोंडाशी खुंटांना बांधायचं पिशवीसारखं जाळं. जागा चांगली मिळाली तर हंगाम तरला, नाहीतर चिखल उपसा. म्हणून हंगामाआधी मडक्यात चिठ्ठ्या टाकायच्या. जिची चिठ्ठी पहिली निघेल त्या होडीला जागेची पहिली निवड. मग मी उगवलो — नवी मुंबईत प्रोग्रॅम लिहिणारा, गावचा शहाणा! म्हटलं, मडकं ठेवा बाजूला. ब्लॉकचेनवर करार लिहितो, कुणाच्या बापाला बदलता येणार नाही. या कराराच्या भाषेत चिठ्ठी उचलायचं फंक्शन, म्हणजे आयती आज्ञा, तयारच मिळतं.

खोटं. साफ खोटं! त्या भाषेत तयार फंक्शनं ढीगभर — सही तपासणारं, अट मोडली तर व्यवहार उलटवणारं, वेळ सांगणारं. नशीब काढणारं एकही नाही. मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. मी वेळेचं वापरलं. बटण दाबल्या क्षणाचे सेकंद, भागिले नऊ, बाकीवरून होडीचा नंबर. तिथून पुढे क्रमाने सगळे. ती ब्लॉकचेनची साखळी माझ्याच लॅपटॉपवर, बटणावर बोट माझंच — आणि चार नंबरची होडी माझ्या मेहुण्याची. सांगा, नशीब राहिलं कुठे?

गावाच्या सभेत मी हे मांडलं, तेव्हा पारूअक्का उठली. तीन नंबरची होडी तिची. नवरा गेल्यापासून तीच चालवायची. शाळा दुसरीपर्यंत. तिने एवढंच विचारलं, "मंग बटन कवा दाबायचा, त्ये कोन ठरवनार?"

हाच प्रश्न विचारायला मोठ्या कंपन्या माणसं नेमतात. आणि मी? मी तिची नक्कल केली. डोक्यावर रुमालाचा पदर, तिचाच आवाज. सभा लोळली हसून.

दाबलं बटण. चार नंबर. तीन नंबरची अक्का आपसूक शेवटी. त्या हंगामात तिच्या जाळ्यात चिखलच आला. पुढच्या हंगामात होडी गेली. आज ती दुसऱ्यांची मासळी पाटीत घेऊन चौलला विकते.

पण मला जे गिळता येत नाही, ते त्या सभेतलंच. निकाल लागल्यावर, संशय घेतला म्हणून कोळीवाड्याच्या पाटलांनी अक्काला माझी माफी मागायला लावली — आणि मी ती घेतली! हात जोडून, मान झुकवून, मोठ्या मनाने. नालायक!

तिचं वाक्य अर्ध्यात असतानाच मेहुण्याला आनंद आवरेना; तो ओरडला. लोकांना ते कौतुक वाटलं, टाळ्या पडल्या. अक्काने फक्त माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तरीही तिने माफीचं वाक्य पुरं केलं.

मेहुणा ओरडला होता, "भावोजी, काय बरोब्बर टायमाला दाबलंत!"